छायाचित्राची मुखत्यारी

दोन फोनांपैकी कोणाचा कॅमेरा सरस, हा प्रश्न आज इतक्या सर्रास विचारला जातो आणि त्याचे उत्तर इतक्या तत्परतेने दिले जाते, की त्याच्या पोटात आणखी किती प्रश्न दडलेले आहेत हे पाहण्याची सवड विचारणाऱ्यास नसते आणि सांगणाऱ्यासही नसते. दुकानदार मेगापिक्सेलचे आकडे सांगतो, जाहिरात पौर्णिमेचा चंद्र दाखवते, घरातला एखादा भाचा आपल्या खिशातल्या फोनची शिफारस करतो, आणि तेवढ्यावर लाख-दीड लाखांचा व्यवहार पुरा होतो. आजच्या मराठी कुटुंबाची बारशी, लग्ने, सहली, अखेरची आजारपणेसुद्धा या एका यंत्राच्या साक्षीने पुढच्या पिढीकडे जाणार असल्यामुळे त्या साक्षीची खातरजमा अधिक गांभीर्याने व्हावी, असे मला मनापासून वाटते. या आढाव्यासाठी मी एक ठळक जोडी निवडली आहे: सप्टेंबर २०२३ मध्ये ॲपलने बाजारात आणलेला आयफोन १५ प्रो मॅक्स आणि जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने जाहीर केलेला गॅलॅक्सी एस२४ अल्ट्रा. भारतात पहिल्याची किंमत १,५९,९०० रुपयांपासून आणि दुसऱ्याची १,२९,९९९ रुपयांपासून सुरू झाली. दोन्ही कंपन्यांचे नवे नमुने त्यानंतर आले आहेत. परंतु या क्षेत्रातील मूळ वाद या जोडीत जितका स्पष्ट दिसतो तितका तो इतरत्र क्वचितच दिसतो.

आरंभ आकड्यांपासून करणे भाग आहे, कारण ग्राहकाची पहिली दिशाभूल तेथेच होते. सॅमसंगच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर २०० मेगापिक्सेलचा, म्हणजे वीस कोटी प्रकाशबिंदूंचा आहे. ॲपलचा ४८ मेगापिक्सेलचा. एवढे ऐकल्यावर पहिला दुसऱ्याच्या चौपट चांगला असावा, असा समज होणे स्वाभाविक आहे. आता सॅमसंगच्या एका पिक्सेलची रुंदी ०.६ मायक्रॉन आहे आणि आडव्या ओळीत असे १६,३२० पिक्सेल बसवलेले आहेत; ॲपलच्या पिक्सेलची रुंदी १.२२ मायक्रॉन असून ओळीत ते ८,०६४ आहेत. ज्याला कोणाला शंका असेल त्याने हे दोन गुणाकार स्वतः करून पाहावेत. दोन्हींचे उत्तर सुमारे ९.८ मिलिमीटर येते. म्हणजे प्रकाश झेलणारे क्षेत्र दोन्ही यंत्रांत जवळजवळ सारखेच आहे. एकाच मोजमापाच्या शेताच्या एका भावाने चार वाटण्या कराव्यात आणि दुसऱ्याने सोळा, त्याने त्या शेताचे पीक वाढत नाही.

एवढ्यावरही हा हिशेब थांबत नाही. प्रकाश हा लहरींचा बनलेला असल्यामुळे कितीही निर्दोष भिंग घेतले तरी ते एका बिंदूचे प्रतिबिंब बिंदू म्हणून पाडू शकत नाही; त्याची एक लहानशी चकती उमटते, आणि एफ/१.७ छिद्राच्या भिंगाखाली हिरव्या प्रकाशाची ती चकती सुमारे २.३ मायक्रॉन व्यासाची असते. ०.६ मायक्रॉनचे जवळजवळ चार पिक्सेल एका रेषेत ठेवावेत तेव्हा ती एक चकती झाकली जाते. शिवाय प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरव्या वा निळ्या रंगाची गाळणी बसवलेली असते. कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी १९७६ साली पेटंट घेतलेल्या मूळ योजनेत शेजारच्या पिक्सेलांचे रंग आलटून पालटून येत. येथे मात्र ॲपलने चार-चार आणि सॅमसंगने सोळा-सोळा पिक्सेलांच्या चौकटीवर एकेकच रंग पसरला आहे. परिणामी वीस कोटी बिंदूंचे चित्र मागितले, की रंगाचा पुष्कळसा तपशील यंत्राला अनुमानाने भरावा लागतो. भर दुपारी, स्थिर वस्तूच्या बाबतीत, त्या चित्रात काही अधिक बारकावे मिळतात हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु संध्याकाळ झाली की तो लाभ ओसरतो. म्हणूनच दोन्ही कंपन्या नेहमीच्या वापरात हे पिक्सेल पुन्हा एकत्र करतात. सॅमसंगचे सोळा मिळून २.४ मायक्रॉनचा एक पिक्सेल होतो, ॲपलचे चार मिळून २.४४ मायक्रॉनचा. एवढा गाजावाजा करून दोघेही फिरून एकाच मुक्कामाला येतात. आणि ग्राहकाला कोणी सहसा सांगत नाही अशी गोष्ट ही, की कोणतीही कळ न फिरवता छायाचित्र घेतले तर दोनशेवाला फोन १२ मेगापिक्सेलचे चित्र देतो आणि अठ्ठेचाळीसवाला २४ मेगापिक्सेलचे.

भिंग जवळजवळ समान, सेन्सरचे क्षेत्र जवळजवळ समान, आणि तरीही दोन फोनांची चित्रे शेजारी ठेवली असता लहान मुलालाही फरक ओळखू येतो, तर तो फरक येतो कोठून? गेल्या बारा-पंधरा वर्षांत छायाचित्र घडवण्याचे जे अधिकार भिंगाकडून आणि रसायनांकडून निघून गणिताच्या हाती गेले, त्या स्थित्यंतरात या प्रश्नाचे उत्तर आहे. २०१२ मध्ये नोकियाने ८०८ प्युअरव्ह्यू या फोनात ४१ मेगापिक्सेलचा आणि त्या काळी प्रचंड वाटणारा सेन्सर बसवला, तेव्हा फोनच्या कॅमेऱ्याचा उत्कर्ष मोठ्या भिंगाच्या आणि मोठ्या सेन्सरच्या वाटेनेच होणार असे वाटत होते. गूगलने वेगळी वाट धरली. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क लेव्हॉय यांच्या नेतृत्वाखालील गटाने अशी पद्धत सिद्ध केली, की कळ दाबली असता एकच चित्र न घेता मुद्दाम काळोखी ठेवलेली अनेक चित्रे लागोपाठ घ्यावीत, हाताच्या कंपाने त्यांच्यात पडलेले अंतर गणिताने जुळवावे आणि त्यांची बेरीज करून त्यांतली कणकण, म्हणजे कमी उजेडात चित्रावर उमटणारी ठिपक्यांची खरबड, काढून टाकावी. २०१६ च्या पिक्सेल फोनने ही पद्धत घराघरांत नेली. नोव्हेंबर २०१८ मध्ये आलेल्या गूगलच्या नाइट साइट या सोयीने रात्रीच्या छायाचित्राची कल्पनाच पालटली. पुढच्याच वर्षी ॲपलने आयफोन ११ मध्ये नाइट मोड आणि नऊ चित्रांचे मीलन करणारी डीप फ्यूजन ही प्रक्रिया आणली, आणि त्यानंतर या शर्यतीत मागे राहणे कोणालाही परवडणारे नव्हते.

या स्थित्यंतराचा सर्वांत बोलका दाखला २०२२ मध्ये मिळाला. अमेरिकेतील प्रसिद्ध परीक्षक मार्क्वेस ब्राउनली यांनी सोळा फोनांची चित्रे, कोणते कोणाचे हे न सांगता, लोकांपुढे ठेवली आणि पसंती विचारली. दोन कोटींहून अधिक मते पडली. सर्वप्रथम आला तो गूगलचा तुलनेने स्वस्त असलेला पिक्सेल ६ए, आणि त्याचा मुख्य सेन्सर होता १२ मेगापिक्सेलचा, २०१८ च्या पिक्सेल ३ मध्येच वापरला गेलेला. चार वर्षांचे जुने यंत्र आणि मुरलेले गणित यांच्या संयोगाने त्या वर्षीच्या महागड्या फोनांना मागे टाकले. त्या मतदानाला वैज्ञानिक प्रयोगाचा दर्जा द्यावा असे मी म्हणणार नाही. लहान पडद्यावर घाईने पाहणारा माणूस अधिक उजळ चित्राकडे झुकतो, हे अशा चाचण्यांत वारंवार दिसून आले आहे. तरीही यंत्रसामग्रीच्या यादीवरून निकाल देण्याची पद्धत किती लटकी आहे, हे त्यातून पुरेसे स्पष्ट झाले.

तेव्हा आपण तुलना करतो ती दोन कॅमेऱ्यांची कमी आणि दोन निवाड्यांची अधिक. सावली किती उजळावी, आकाश किती निळे असावे, चेहऱ्यावरची सुरकुती ठेवावी की पुसावी, या प्रत्येक प्रश्नावर कोणीतरी आधीच हुकूम देऊन ठेवलेला असतो, आणि आपण कळ दाबतो तेव्हा त्या हुकमाची अंमलबजावणी होते. छायाचित्राची मुखत्यारी अशा रीतीने घेणाऱ्याच्या हातून बव्हंशी निघून गेली आहे. ती ज्यांच्याकडे गेली त्यांची कैफियत काय आहे, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

सॅमसंगच्या बाबतीत ही कैफियत चंद्राच्या निमित्ताने जाहीर झाली. मार्च २०२३ मध्ये, एस२३ अल्ट्राच्या चंद्रचित्रांची वाहवा चालू असतानाच, एका वापरकर्त्याने चंद्राचे चित्र मुद्दाम धूसर करून, त्यातला तपशील पार नाहीसा करून, संगणकाच्या पडद्यावर लावले आणि अंधाऱ्या खोलीतून सॅमसंगच्या फोनने त्याचे छायाचित्र घेतले. फोनने दिलेल्या चित्रात विवरे आणि डाग स्पष्ट उमटले होते. पडद्यावर जे नव्हते ते चित्रात आले, म्हणजे ते प्रकाशाबरोबर आलेले नव्हते. चंद्राची एकच बाजू पृथ्वीकडे सदैव वळलेली असल्यामुळे त्याचे रूप यंत्राला शिकवणे सुकर असते. कंपनीने त्यानंतर स्पष्टीकरण दिले, की दृश्य ओळखून सुधारणारी सीन ऑप्टिमायझर ही सोय मोठ्या झूमवर चंद्र ओळखते आणि त्याचा तपशील वाढवते. ज्याला हे नको असेल त्याने ती सोय बंद करावी. पुढे जानेवारी २०२४ मध्ये, एस२४ मालिकेच्या अनावरणाच्या सुमारास, सॅमसंगचे एक वरिष्ठ अधिकारी पॅट्रिक शोमे यांनी एका मुलाखतीत खरे छायाचित्र अशी चीजच मुळात नसते, अशा आशयाचे प्रतिपादन केले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ॲपलच्या कॅमेरा-सॉफ्टवेअरचे प्रमुख जॉन मॅककॉर्मॅक यांनी याच्या नेमकी उलट भूमिका मांडली: छायाचित्र म्हणजे जे खरोखर घडले त्याचे स्मरण.

दुसरी भूमिका मला अधिक मान्य आहे, हे मी लपवत नाही. मात्र ती मांडणारी कंपनी स्वतः तिचे पालन किती करते, याचीही तपासणी व्हायला हवी. ॲपलची यंत्रे नसलेला तपशील सहसा निर्माण करत नाहीत, पण असलेल्या प्रकाशाचे मात्र सढळ हाताने पुनर्वाटप करतात. वाड्याच्या सोप्यात बसलेल्या आजींचे चित्र घेतले, की अंगणातले ऊनही फिके पडते आणि सोप्यातला अंधारही उजळतो. दोन्ही वाचतात, पण ऊन आणि सावली यांच्यातील जो विरोध त्या सोप्याचे वैभव होता तो सपाट होतो. रेखीव कडांना यंत्राने दिलेली अनाठायी धारही अनेकदा डोळ्यांत सलते. सॅमसंगचा शिरस्ता वेगळा आहे. हिरवा आणि निळा गडद करावा, चेहरा उजळावा, त्वचा थोडी गुळगुळीत करावी. आषाढातल्या सह्याद्रीचा हिरवा मुळातच इतका तीव्र असतो, की त्यावर हा अधिकचा थर चढला म्हणजे डोंगर रंगवलेल्या पडद्यासारखा भासू लागतो. एस२४ मध्ये हा अतिरेक पूर्वीपेक्षा कमी झाला आहे, हेही न्यायाने नमूद केले पाहिजे.

त्वचेच्या रंगाचा मुद्दा आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे आणि परीक्षणांत त्याची सर्वाधिक हयगय होते. रंगीत फिल्मच्या काळात प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी कोडॅककडून जी नमुन्याची पत्रे जात, त्यांवर दीर्घकाळ गोऱ्या स्त्रीचाच चेहरा असे. सावळ्या माणसांची चित्रे त्या मापाने वर्षानुवर्षे बिघडत राहिली. तो वारसा गणितानेही काही अंशी उचलला. गूगलने २०२१ मध्ये पिक्सेल ६ बरोबर रिअल टोन ही योजना आणून या दोषाची उघड दखल घेतली, आणि २०२२ मध्ये हार्वर्डचे समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांनी आखलेली त्वचेच्या दहा छटांची श्रेणी वापरात आणली. आपल्या या दोन फोनांपैकी कोणता सावळ्या चेहऱ्याशी अधिक प्रामाणिक आहे, हे पाहायचे असेल तर हळदीचा कार्यक्रम ही उत्तम कसोटी होय. मांडवाच्या पिवळ्या कापडातून गाळून आलेले ऊन, अंगावर ओली हळद आणि तिच्याखाली गव्हाळ वा सावळी कांती, असा तीन थरांचा तो प्रसंग असतो. यंत्राला त्यातला कोणता पिवळा प्रकाशाचा, कोणता हळदीचा आणि कोणता त्वचेचा हे ठरवावे लागते. आयफोन अशा वेळी उबदार रंगाकडे झुकतो आणि कांतीलाही थोडे पिवळे करतो, पण तिची काळसर खोली बहुधा राखतो. सॅमसंग हळद हळदीसारखी ठेवतो, मात्र तिच्याखालचा चेहरा एक-दोन पायऱ्या उजळून टाकतो. माझ्या मते पिवळेपणा हा दोष सौम्य आहे, कारण तो नंतर सुधारता येतो आणि त्यासाठी ॲपलने रंगछटा आधीच ठरवून ठेवण्याची सोयही दिली आहे. माणसाचा रंग त्याला न विचारता बदलणे ही आगळीक मोठी आहे.

दिव्याच्या बाबतीत मात्र आयफोनचा पराभव होतो. देवघरातल्या समईचे चित्र घ्यावे आणि नीट निरखावे: ज्योतीच्या बरोबर समोर, चित्राच्या मध्यबिंदूपलीकडे तेवढ्याच अंतरावर, हिरवट रंगाचा एक खोटा ठिपका उमटलेला आढळतो. पाच वाती असल्या तर ठिपकेही पाच, आणि तेही उलटे. भिंगांच्या थरांमध्ये प्रकाश परावर्तित होऊन हे भूतप्रतिबिंब पडते. फोन किंचित हलवला की ते विरुद्ध दिशेला सरकते, यावरून ते ओळखावे. दिवाळीची रोषणाई किंवा विसर्जनाच्या मिरवणुकीतले दिवे ज्याला टिपायचे आहेत त्याला हा उपद्रव सतत जाणवेल. उलट धावत्या मुलाच्या बाबतीत पारडे फिरते. घरातल्या साध्या उजेडात सॅमसंग शटर अधिक वेळ उघडे ठेवण्याकडे कल दाखवतो, त्यामुळे भिंती स्वच्छ येतात आणि मूल पुसट येते. आयफोन वेळ कमी करून थोडी कणकण पत्करतो. स्थिर भिंतीपेक्षा हलते मूल महत्त्वाचे, हा ॲपलचा निवाडा मला शहाणपणाचा वाटतो.

दूरच्या दृश्यांत सॅमसंगची सरशी आहे आणि ती यंत्रसामग्रीच्या बळावर आहे, म्हणून तिचे महत्त्व अधिक. एस२३ अल्ट्रात दसपट झूमचे १० मेगापिक्सेलचे भिंग होते; एस२४ अल्ट्रात त्याऐवजी पाचपट झूमचे, पण ५० मेगापिक्सेलच्या सेन्सरचे भिंग आले, आणि त्याखेरीज तिप्पट झूमचे वेगळे भिंग कायम राहिले. ॲपलने १५ प्रो मॅक्समध्ये प्रकाशाला चार वेळा वळवणारा लोलक बसवून पाचपट झूम साधला खरा, परंतु दुप्पट ते पाचपट यांच्या दरम्यान त्याच्याजवळ स्वतंत्र भिंग नाही. तेथे मुख्य कॅमेऱ्याचे चित्र कापून मोठे केले जाते. व्यक्तिचित्राला नेमके हेच अंतर सोयीचे असते. रंगमंचापासून दहाव्या-पंधराव्या रांगेत बसणाऱ्या रसिकाने किंवा पक्षिनिरीक्षकाने सॅमसंगच घ्यावा.

चलच्चित्राविषयी फार लिहिण्याची आवश्यकता नाही. सॅमसंग ८के नोंदवतो आणि आयफोनची मजल ४के पर्यंतच आहे, तरीही एका भिंगावरून दुसऱ्यावर जाताना रंग न ढळणे, चालताना चित्र स्थिर राहणे आणि उजेड बदलला तरी धक्का न बसणे, या बाबतींत आयफोन पुढे आहे. व्यावसायिक मंडळींसाठी लॉग स्वरूपात नोंदणीची सोयही त्यात आहे.

गुणांकनाचा आधार घेऊ पाहणाऱ्यांसाठी फ्रान्सच्या डीएक्सओमार्क या संस्थेचे आकडे उपलब्ध आहेत: आयफोन १५ प्रो मॅक्सला १५४, एस२४ अल्ट्राला १४४. हे गुण शंभरांपैकी नसतात, आणि प्रकाश, रंग, कणकण, झूम, चलच्चित्र अशा अनेक उपगुणांचे ते मिश्रण असते. कोणत्या गुणाला किती वजन द्यावे हे त्या संस्थेने ठरवलेले आहे, तुमच्या गरजेने नव्हे. म्हणून बेरीज सोडून उपगुण वाचावेत.

स्वतः पारख करणाऱ्याने एक खबरदारी अवश्य घ्यावी. हल्ली दोन्ही फोन आपापल्या चित्रांत उजळ भागांची वेगळी नोंद ठेवतात आणि स्वतःच्या पडद्यावर ते भाग अधिक तेजाने झळकवतात. तेव्हा दुकानात दोन फोन शेजारी धरून केलेली तुलना बरीचशी पडद्यांची तुलना असते. दोन्हींची मूळ चित्रे एकाच संगणकावर किंवा कागदावर छापून पाहावीत. व्हॉट्सॲपवरून मागवलेली चित्रे तर या कामी निरुपयोगी समजावीत, कारण तेथे चित्र सहसा आकुंचित होऊन पोहोचते, आणि २०२३ मध्ये आलेल्या एचडी पर्यायानेही मूळ प्रत मिळत नाही. ज्यांची छायाचित्रे कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटापलीकडे कधीच जाणार नाहीत, त्यांनी या दोन फोनांतील कॅमेऱ्याच्या फरकासाठी तीस हजार रुपये अधिक मोजू नयेत, असे माझे स्वच्छ मत आहे.

जुनी कागदपत्रे टिपणाऱ्यांचा प्रश्न मात्र निराळा आहे. मोडी दस्तऐवज, देवस्थानाची सनद, पणजोबांची रोजनिशी यांची छायाचित्रे घेणारे अभ्यासक आपल्याकडे थोडे नाहीत, आणि यंत्राचे अनुमान सर्वाधिक घातक ठरते ते त्यांच्याच बाबतीत. अस्पष्ट अक्षराला यंत्राने सुबक वळण दिले तर वाचणाऱ्याला ते मूळचेच वाटेल. अशा कामात दोन्ही फोनांपैकी कोणताही चालेल, मात्र काही पथ्ये पाळावी लागतील. मोठा झूम वापरू नये. फोन कागदाच्या फार जवळ नेला की दोन्ही यंत्रे न सांगता रुंद कोनाच्या दुय्यम भिंगावर उतरतात, आणि कडेच्या ओळी ताणल्या जातात. आयफोनच्या सेटिंगमध्ये मॅक्रो कंट्रोल चालू केले तर अशा वेळी पडद्यावर फुलाची खूण दिसते, तिच्यावर बोट ठेवून ही अदलाबदल रोखावी, आणि सॅमसंगवर फोकस एन्हान्सर त्याच रीतीने बंद करावा. शक्य तेथे आयफोनवर प्रोरॉ आणि सॅमसंगवर एक्सपर्ट रॉ वापरावे, म्हणजे यंत्राची ढवळाढवळ कमी होऊन सेन्सरच्या अधिक जवळची नोंद मिळते. कागद खिडकीजवळ तिरप्या उजेडात ठेवावा, चित्रात एका कडेला मोजपट्टी ठेवावी, आणि प्रत्येक पानाची दोन चित्रे फोन थोडा हलवून घ्यावीत; एखादी रेघ दोन्हींत सारखी दिसली तरच ती शाईची मानावी.